कॅन्सरचं औषध: किंमत किती आणि त्यात मिळतं काय?

२२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे नवे दर लागू झाले आणि 'कॅन्सरची औषधं स्वस्त' अशा बातम्या सगळीकडे झळकल्या. बातमी खोटी नव्हती. ३३ जीवरक्षक औषधांवरचा कर शून्यावर आला, बाकीच्या बहुतेक औषधांवरचा १२ वरून ५ टक्क्यांवर. पण कागदावर मांडून पाहा. मूळ किंमत एक लाख असलेलं इंजेक्शन आधी १ लाख १२ हजारांना पडायचं, ते आता १ लाख ५ हजारांना पडतं. सात हजार रुपये वाचले हे काही कमी नाही. पण ज्या घराला दर तीन आठवड्यांनी लाखभर रुपये उभे करायचे आहेत, त्याला सात हजारांनी कितीसा हात मिळणार?

शिवाय खरा प्रश्न त्या बातम्यांत कुठे नव्हताच. त्या एक लाखात मिळतं काय? किती महिने? आणि ते महिने अंथरुणातले की हिंडण्याफिरण्याचे? औषधाच्या खर्चाची त्याच्या गुणाशी सांगड घालणारं एक अख्खं शास्त्र आहे आणि ते वाटतं तितकं अवघड नाही. हा हिशोब कंपनीच्या किंवा सरकारच्या टेबलावरच पुरा होत नाही, हे मात्र सहसा कुणी सांगत नाही. त्याचा उरलेला भाग रुग्णाच्या घरी, जेवणाच्या वेळा आणि गोळ्यांच्या पट्ट्या यांच्यामध्ये ठरतो. म्हणून या लेखात फार्मासिस्टलाही जागा आहे.

जास्तीचे पैसे, जास्तीचं काय?

पुण्याहून मुंबईला लाल परीनेही जाता येतं आणि शिवनेरीनेही. शिवनेरीचं तिकीट महाग आहे का, हा प्रश्न नुसता विचारून काही कळत नाही. लाल परीपेक्षा किती रुपये जास्त लागले आणि त्या बदल्यात किती वेळ वाचला, अंग किती कमी आंबलं, हे बघावं लागतं. औषधाचंही तसंच. नव्या औषधाची तुलना 'काहीच न करण्याशी' करायची नसते, आज जो उपचार मिळतो आहे त्याच्याशी करायची असते. जास्तीच्या खर्चाला जास्तीच्या फायद्याने भागायचं.

फायदा मोजायचं माप म्हणजे 'गुणवत्तेसह मोजलेलं वर्ष'. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला क्वाली म्हणतात. पूर्ण तब्येतीत काढलेलं एक वर्ष म्हणजे एक क्वाली. निम्म्या तब्येतीत, म्हणजे दुखणं, उलट्या, दुसऱ्यावर अवलंबून राहणं यांत गेलेलं वर्ष म्हणजे अर्धा. इंग्लंडमध्ये औषध सरकारी खर्चाने द्यायचं की नाही, हे ठरवताना एका क्वालीमागे २० ते ३० हजार पौंड ही पट्टी कित्येक वर्षं वापरली गेली. भारतातही केंद्र सरकारच्या आरोग्य संशोधन विभागाखाली असं मूल्यमापन करणारी यंत्रणा आहे. ती साधारणपणे देशाच्या दरडोई उत्पन्नाइतकी रक्कम ही मर्यादा धरते, म्हणजे आजच्या हिशोबाने सव्वादोन ते अडीच लाख रुपये.

गोळी एक, किमती दोन

आता खऱ्या आकड्यांवर हे करून बघू. सोराफेनिब ही हाताबाहेर गेलेल्या यकृताच्या कॅन्सरवरची गोळी. बायर कंपनी ती 'नेक्सावर' या नावाने विकायची. महिन्याच्या १२० गोळ्यांना २,८०,४२८ रुपये. मार्च २०१२ मध्ये पेटंट नियंत्रकांनी हैदराबादच्या नॅटको कंपनीला सक्तीचा परवाना दिला. पेटंट बायरचंच राहिलं, पण नॅटकोने ठरावीक स्वामित्वशुल्क भरून तीच गोळी बनवायची आणि महिन्याला ८,८८० रुपयांत विकायची. देशातला हा असा पहिलाच परवाना. बायर मुंबई उच्च न्यायालयात गेली, पण २०१४ मध्ये तिथेही परवाना कायम राहिला.

या गोळीने मिळतं काय? २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत गोळी न घेणाऱ्या गटाचं मध्यम आयुष्य ७.९ महिने होतं, घेणाऱ्यांचं १०.७ महिने. मध्यम म्हणजे निम्मे रुग्ण त्याहून कमी जगले, निम्मे जास्त. फरक पावणेतीन महिन्यांचा. गोळी साधारण पाच महिने घेतली असं धरू. जुन्या किमतीने खर्च १४ लाख, नव्या किमतीने ४४ हजार. पावणेतीन महिन्यांवरून वर्षाचा हिशोब केला, तर वाढलेलं एक वर्ष जुन्या किमतीने सुमारे ६० लाखांना पडतं आणि नव्या किमतीने १ लाख ९० हजारांना. ते महिने सत्तर टक्के बऱ्या तब्येतीचे धरले, तर एका क्वालीला अनुक्रमे ८५ लाखांच्या आसपास आणि २ लाख ७० हजार.

हिशोब ढोबळ आहे. तपासण्या, गाडीभाडं, बुडालेली मजुरी यात धरलेली नाही आणि खरे अभ्यासक मध्यम आयुष्यावर इतक्या सरळ गणितं करत नाहीत. पण दिसायचं ते दिसतं. गोळी तीच, रोग तोच, वाढलेले महिने तेवढेच. फक्त किंमत बदलली आणि विचारसुद्धा करू नये असं औषध विचार करण्याजोगं झालं.

दुसरी गोष्टही तितकीच खरी, आणि ती सांगायला कुणाला आवडत नाही. स्वस्त झाली तरी ती पावणेतीन महिनेच देते. जमीन गहाण टाकायला निघालेल्या मुलाला हा आकडा आधी कळायला हवा. तो कळल्यावरही त्याने गोळी घ्यायचं ठरवलं, तर तो त्याचा हक्क आहे.

पण जीवाची किंमत लावायची कुणी?

हा आक्षेप येतोच, आणि यायलाच हवा. माझं मत असं की किंमत आजही लागतेच आहे. ती सावकाराच्या ओट्यावर लागते, सोनाराच्या तराजूत लागते, आणि 'आता बस झालं' असं रुग्ण स्वतःच म्हणतो तेव्हाही लागते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांचं संरक्षण आहे. त्या पैशांत कोणतं औषध बसवायचं आणि कोणतं नाही, हे कुणाला तरी ठरवावं लागतं. ते उघड मापाने ठरलं तर त्यावर भांडता तरी येतं.

माप मात्र परिपूर्ण नाही. मुलीचं लग्न दीड महिन्यावर आलेल्या बापाला ते सहा आठवडे किती मोलाचे, हे क्वालीला कळत नाही. म्हणूनच ते सार्वजनिक पैशाच्या निर्णयासाठी आहे. वॉर्डातल्या एका खाटेवरच्या माणसाला ते लावायचं नसतं.

आणि महाग औषध नेहमी वाईट सौदा असतं असंही नाही. रक्ताच्या एका प्रकारच्या कॅन्सरवर, क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियावर, इमॅटिनिब आलं आणि चार-पाच वर्षांत माणूस नेणारा आजार मधुमेहासारखा वर्षानुवर्षं सांभाळायचा आजार झाला. नोव्हार्टिसची गोळी महिन्याला लाखाच्या वर जायची, भारतीय कंपन्यांची आठ-दहा हजारांत मिळायची. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नोव्हार्टिसचा पेटंटचा दावा फेटाळला आणि स्वस्त गोळी बाजारात राहिली. दशकांनी आयुष्य वाढवणारं औषध आठ-दहा हजारांत मिळणं, याहून चांगला सौदा कॅन्सरमध्ये क्वचितच सापडेल.

डोस कमी करून बघायचं कुणी?

किंमत कमी करण्याचा तिसरा मार्ग परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातल्या डॉक्टरांनी दाखवला. तंबाखूमुळे महाराष्ट्राला तोंडाचा आणि घशाचा कॅन्सर काही नवा नाही. तो परत आला किंवा पसरला, तर निवोलुमॅब नावाचं इम्युनोथेरपीचं इंजेक्शन देतात. ते कॅन्सरच्या पेशींना थेट मारत नाही. शरीराच्या रोगप्रतिकारक पेशींवर जो लगाम लागलेला असतो, तो सोडवतं. नेहमीचा डोस दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम. आपल्याकडच्या बहुसंख्य रुग्णांना तो आयुष्यात परवडणार नाही.

या डॉक्टरांनी डोस ठेवला २० मिलिग्रॅम, दर तीन आठवड्यांनी. सहा आठवड्यांचा हिशोब केला तर ७२० मिलिग्रॅमच्या जागी ४०, म्हणजे अठरावा भाग. हे आंधळं धाडस नव्हतं. ज्या जागांवर हे औषध जाऊन बसतं, त्या थोड्या डोसातच भरून जातात हे सुरुवातीच्या अभ्यासांतून दिसलं होतं. चाचणीत १५१ रुग्ण होते. सगळ्यांना तीन साध्या गोळ्यांचा उपचार होता, निम्म्यांना त्याबरोबर हे छोटं इंजेक्शन. वर्षभराने नुसत्या गोळ्यांच्या गटातले १६.३ टक्के रुग्ण जिवंत होते, इंजेक्शनच्या गटातले ४३.४ टक्के.

'मग पूर्ण डोसाने आणखी गुण आला असता का?' याचं उत्तर ही चाचणी देत नाही, कारण तिने पूर्ण डोसाशी तुलनाच केली नव्हती. जे रुग्ण पूर्ण डोस घेऊच शकत नाहीत त्यांना नुसत्या गोळ्या देण्यापेक्षा हे कितीतरी बरं, एवढं ती ठामपणे सांगते. आणि अशा चाचण्या औषध कंपन्या का करत नाहीत, हे वेगळं सांगायला नको. आपलाच माल अठरावा भाग खपावा म्हणून पैसे कोण खर्च करेल?

इथे एक बारीक अडचण आहे. निवोलुमॅबची छोटी कुपी ४० मिलिग्रॅमची येते, डोस २० चा. कुपी एकदा उघडली की उरलेलं औषध जपून ठेवण्यासारखं नसतं. म्हणजे एका रुग्णासाठी कुपी फोडली, तर निम्मं औषध, आणि निम्मे पैसे, कचऱ्यात. दोन रुग्ण एकाच दिवशी बोलावले, जंतुविरहित कपाटात कुपी उघडून दोघांचे डोस भरले, तरच बचत खरी. हे काम डॉक्टरचं नाही. ते रुग्णालयाच्या फार्मासिस्टचं आहे.

तीन गोळ्यांची चिठ्ठी

त्या 'तीन साध्या गोळ्या' कोणत्या ते बघा, कारण फार्मासिस्ट कशाला हवा याचं उत्तर तिथेच आहे. मेथोट्रेक्सेट, सेलेकॉक्सिब, एर्लोटिनिब. तिन्ही घरी घ्यायच्या. सेलेकॉक्सिब रोज दोनदा. एर्लोटिनिब रोज एकदा. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा.

घरात सवय रोजच्या गोळ्यांची. बीपीची रोज, शुगरची रोज. त्यात ही एक आठवड्याची. ती चुकून रोज घेतली गेली, तर तोंड सोलून निघतं, रक्तपेशी कोसळतात, माणूस दगावूही शकतो. जगभर अशा चुका झाल्या आहेत. चांगला फार्मासिस्ट चिठ्ठीवर नुसतं 'आठवड्यातून एकदा' लिहून थांबत नाही. वार ठरवतो. 'सोमवारी' असं पाकिटावर ठळक लिहितो, चार आठवड्यांच्याच गोळ्या देतो आणि 'आता तुम्ही मला सांगा, ही कधी घ्यायची?' असं रुग्णाला उलट विचारतो.

एर्लोटिनिब उपाशीपोटी घ्यायची, जेवणाआधी एक तास किंवा नंतर दोन तास. आणि इथे आपली लाडकी 'गॅसची गोळी' आडवी येते. कुठलंही औषध सुरू झालं की सोबत सकाळी ओमेप्राझोल किंवा तिचं भावंड घ्यायचंच, असा घराघरांत रिवाज आहे. ओमेप्राझोलबरोबर एर्लोटिनिबचं शरीरात पोचणारं प्रमाण जवळजवळ निम्म्याने घटतं. बिडी-सिगारेट चालू असेल तर ते आणखी खाली येतं. पैसे पूर्ण गोळीचे, गुण अर्ध्या गोळीचा! खर्चाच्या हिशोबात औषधाची किंमत दुप्पट झाल्यासारखंच हे आहे, फक्त ते कुठल्या बिलावर छापून येत नाही.

यातल्या अनेकांना तोंडाने गिळता येत नाही, नाकातून नळी असते. मग घरची माणसं सगळ्या गोळ्या खलबत्त्यात कुटतात. एर्लोटिनिब पाण्यात विरघळवून नळीतून देता येते. मेथोट्रेक्सेट मात्र स्वयंपाकघराच्या ओट्यावर कुटायची गोष्ट नाही. तिची भुकटी कुटणाऱ्यालाही अपाय करू शकते, घरात गरोदर बाई असेल तर जास्तच. आणि दुखलं म्हणून मेडिकलमधून आणलेली आणखी एक वेदनाशामक गोळी? मेथोट्रेक्सेट आणि सेलेकॉक्सिब चालू असताना ती विचारल्याशिवाय घ्यायची नाही.

'डॉक्टर सांगतातच की'

सांगतात. पण ज्या क्षणी सांगतात, त्या क्षणी समोरच्याच्या डोक्यात 'कॅन्सर परत आलाय' एवढंच घुमत असतं. आणि डॉक्टरांपासून काही गोष्टी लपवल्या जातात. आयुर्वेदिक काढा चालू आहे हे लपवलं जातं. पैसे पुरवण्यासाठी गोळी दिवसाआड घेतोय हे तर हमखास. औषध देणाऱ्या खिडकीवरचा माणूस हे पटकन ओळखू शकतो. महिन्याच्या गोळ्या न्यायला रुग्ण दीड महिन्याने आला, तर मधले पंधरा दिवस काय झालं?

हे विचारण्याचं मोल केवढं, ते इमॅटिनिबच्या एका अभ्यासातून कळतं. लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयातल्या ८७ रुग्णांच्या डबीच्या झाकणात इलेक्ट्रॉनिक चिप बसवली होती. डबी किती वेळा उघडली त्याची नोंद ती ठेवायची. शंभरातल्या नव्वदाहून जास्त गोळ्या घेणाऱ्यांमध्ये सहा वर्षांत अपेक्षित खोल गुण मिळण्याचं प्रमाण सुमारे ९४ टक्के निघालं. नव्वद किंवा त्याहून कमी घेणाऱ्यांमध्ये २८ टक्के. महिन्यात तीन गोळ्या चुकल्या की माणूस दुसऱ्या गटात जाऊ शकतो, इतकी ती रेषा जवळ आहे.

गोळ्या सोडून देण्यामागे बऱ्याचदा त्रास असतो. स्तनाच्या आणि आतड्याच्या कॅन्सरवर देतात त्या कॅपेसिटाबिनने तळहात-तळपाय लाल होतात, सोलतात, चपला घालवत नाहीत, भाकरी थापवत नाही. दिल्लीच्या एम्सने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत २६४ रुग्ण होते. त्यांतल्या निम्म्यांनी हातांना डायक्लोफिनॅकचं जेल लावलं, तेच, जे आपण पाठ धरली की लावतो. हा त्रास बऱ्यापैकी वाढलेल्यांचं प्रमाण साध्या जेलच्या गटात १५ टक्के होतं, या गटात ३.८. स्वस्तातल्या जेलने महागड्या गोळीचा कोर्स पुरा होत असेल, तर हिशोबात त्या जेलइतकं किफायतशीर दुसरं काय? पण ते सुचवायला, कसं आणि किती वेळा लावायचं हे दाखवायला कुणीतरी लागतं. जेलसुद्धा मनाने सुरू करू नका, आधी विचारा.

स्वस्त म्हणजे हलकं का?

पेटंट संपलेल्या औषधाची दुसऱ्या कंपनीने केलेली नक्कल म्हणजे जेनेरिक. तिला परवाना सहसा मिळतो तो रक्तात औषध मूळ गोळीइतकंच पोचतं हे दाखवल्यावर. किमतीतला मोठा फरक कच्च्या मालाचा नसतोच. तो पेटंटचा, जाहिरातीचा आणि मधल्या हातांचा असतो. २०१९ मध्ये सरकारने कॅन्सरच्या ४२ औषधांवर मधल्या नफ्याची मर्यादा ३० टक्के केली, तेव्हा काही ब्रँडच्या छापील किमती ९० टक्क्यांपर्यंत खाली आल्या. टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने चालणाऱ्या नॅशनल कॅन्सर ग्रिडने अनेक रुग्णालयांची मागणी एकत्र करून ४० औषधांची खरेदी केली, तेव्हा औषधागणिक २३ ते ९९ टक्के बचत झाली, एकूण सुमारे १,३२० कोटी रुपयांची. म्हणून छापील किंमत पाहून बिल भरण्याआधी रुग्णालयाच्या औषधालयात 'याचं दुसरं ब्रँड कितीला आहे, सवलतीत औषधं देणाऱ्या सरकारी अमृत फार्मसीत मिळेल का, योजनेत बसतं का' हे तिन्ही प्रश्न विचारावेत. लाजायचं काही कारण नाही.

नकली माल ही मात्र वेगळी आणि खरी भीती आहे. मार्च २०२४ मध्ये दिल्ली पोलिसांनी एक टोळी पकडली. महागड्या इम्युनोथेरपीच्या रिकाम्या कुप्या मिळवायच्या, त्यांत बुरशीवरचं स्वस्त औषध भरायचं आणि 'ओळखीतून सवलतीत' विकायचं, असा धंदा. पकडलेल्यांत औषधालयांत काम करणारेही होते, हे लपवण्यात अर्थ नाही. बॅच क्रमांकासह पक्कं बिल घ्या, सवलत देणाऱ्या अनोळखी माणसाकडून इंजेक्शन घेऊ नका, आणि वापरलेली कुपी डोळ्यांसमोर निकामी करायला सांगा.

फार्मासिस्ट आहे कुठे?

फार्म.डी. हा सहा वर्षांचा अभ्यासक्रम भारतात २००८ मध्ये सुरू झाला, तो वॉर्डात डॉक्टरांबरोबर उभं राहून औषधं तपासणारी माणसं तयार करण्यासाठीच. २०१५ च्या फार्मसी व्यवसाय नियमांत रुग्णाला समजावून सांगणं हे फार्मासिस्टचं कर्तव्य म्हणून लिहिलेलं आहे. पण या समजावण्याचे वेगळे पैसे कुणी देत नाही, म्हणून रुग्णालय त्यासाठी माणूस नेमत नाही, आणि शिकलेली मुलं औषध कंपन्यांच्या कागदपत्रांच्या नोकऱ्यांत जातात. 'आणखी एक पगार कशाला' असं म्हणणाऱ्या व्यवस्थापनाने महिन्याला किती कुप्यांतलं उरलेलं औषध फेकलं जातं, तेवढं एकदा मोजावं.

२०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तीन वर्षांत सगळ्या जिल्हा रुग्णालयांत कॅन्सरची डे-केअर केंद्रं उघडायची घोषणा झाली, त्यांतली २०० पहिल्याच वर्षी. जिल्ह्यातल्या माणसाची मुंबईची फेरी वाचणार असेल, तर याहून चांगलं काही नाही. पण खुर्च्या, सलाईनचे स्टँड आणि नर्स यांच्याबरोबर तिथे औषध मिसळणारा प्रशिक्षित फार्मासिस्ट आणि त्याचं जंतुविरहित कपाटही लागेल. निवोलुमॅबच्या रुग्णांना एकच वार नेमून द्यावा लागेल, म्हणजे ४० ची कुपी दोघांत पुरी संपेल. आणि तिसरा रुग्ण एकटा उरला, तर चौथा मिळेपर्यंत त्याने थांबायचं की निम्मी कुपी टाकायची, हेही त्या केंद्रात बसलेल्या कुणीतरी ठरवायला लागेल.